वाड्याच्या मालकाचं नाव कागदावर आहे, बिऱ्हाडकरूंचं कुठे शोधायचं?

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

पुण्याच्या पेठांमधले वाडे पाडून नव्या इमारती होतायत त्याबद्दल तुमच्या पेपरात अधूनमधून पत्रं येत असतात. कुणी म्हणतं वारसा चाललाय, कुणी म्हणतं गळक्या कौलाखाली चार पावसाळे काढा आणि मग बोला. मला दोघांचंही पटतं, कारण ज्या बायकांनी चौकातल्या एका नळावर आणि सगळ्या वाड्यात मिळून दोन संडासांवर आयुष्य काढलं त्यांना म्हातारपणी लिफ्ट मिळाली तर त्यात वाईट काहीच नाही. मला त्या वादात पडायचंच नाहीये. मला वेगळंच सांगायचंय, की वाडा पडतो तेव्हा त्यात कोण कोण राहून गेलं ही माहितीही जाते, आणि ती माहिती दुसरीकडे कुठे म्हणजे कुठेच लिहिलेली नसते. त्याची सोय आत्ताच, अजून माणसं आहेत तोवर, करायला पाहिजे आणि त्यात तुमचा पेपर खूप काही करू शकतो.

हे मला कळलं ते आमच्या घराची वंशावळ करताना. माझी भाची बाहेरगावी वाढली, तिला आपली माणसं मूळची कुठली, पुण्यात कधी आली, कुठे राहिली हे सगळं हवं होतं आणि मी रिटायर झालेली म्हणून ते काम माझ्याकडे आलं. आमच्याकडे कागद जवळजवळ नाहीतच. पणजोबा कोकणातून पुण्याला आले, छापखान्यात खिळे, म्हणजे छपाईची उलटी शिशाची अक्षरं, जुळवायचं काम करायचे आणि नारायण पेठेत नदीच्या अंगाला एका वाड्यात बिऱ्हाड करून राहिले एवढंच घरात माहीत. बाकी जे काय होतं ते एका पत्र्याच्या ट्रंकेत होतं आणि ती ट्रंक १२ जुलै १९६१ ला गेली. त्या दिवशी सकाळी पानशेतचं धरण फुटलं, ते पाणी खडकवासल्याला पेललं नाही आणि दुपारपर्यंत नदीकाठच्या पेठांमधून पाणी फिरलं. मातीच्या भिंतींचे वाडे होते, पाण्यात बसले की खचले. आजीने नेसत्या लुगड्यानिशी पोरांना घेऊन बाहेर काढलं, तिने ट्रंक आणायला हवी होती असं कोण म्हणेल.

पुण्यात अशी हजारो घरं आहेत. त्यांच्या घरी विचारा, "जुने फोटो?" "पुरात गेले." "जन्मपत्रिका?" "पुरात गेली." एकाच दिवसात इतक्या घरांची मागची बाजू पुसली गेली, आणि पुराबद्दल दर जुलैमध्ये जे छापून येतं त्यात पाणी कुठपर्यंत आलं, कुठला पूल बुडाला हे सगळं असतं पण घरोघरचे कागद गेले आणि त्यामुळे पुढच्या पिढ्यांना आपले खापरपणजोबा कोण ते सांगता येत नाही, हे कुणी मोजत नाही.

मी आधी सगळे करतात तसंच केलं, प्रॉपर्टी कार्ड, सिटी सर्व्हे नंबर, चौकशी नोंदवहीचा उतारा. तिथे पहिली गोष्ट लक्षात आली की हे सगळे कागद मालकाचे आहेत. वाडा कुणाचा, त्याच्या बापाचा, मग वाटणी कशी झाली, गहाण कुठे पडला, हे सगळं मिळतं. पण ज्या वाड्यात मालकाचं एक घर आणि बिऱ्हाडकरूंची पंधरा-वीस, तिथे त्या पंधरा-वीस घरांचा त्या कागदात उल्लेखसुद्धा नसतो. दोन खणाच्या खोलीत तीन पिढ्या राहिल्या, तिथेच बाळंतपणं झाली, तिथूनच तिरड्या निघाल्या, आणि सरकारदरबारी त्या जागेत ते कधी नव्हतेच. पुण्याच्या जुन्या वस्तीत बिऱ्हाडकरूच जास्त, मालक थोडे. म्हणजे शहराच्या बहुतेक माणसांचा हा प्रश्न आहे.

कुलवृत्तांत, म्हणजे एकेका घराण्याच्या छापलेल्या वंशावळी, असतात ना, असं मला खूप जणांनी सांगितलं. असतात, आणि ज्यांनी ते केले त्यांनी फार कष्ट घेतले, गावोगाव पत्रं पाठवून नावं गोळा केली, त्याबद्दल मला आदरच आहे. पण ते ठराविक आडनावांचे. तांबट आळीत पिढ्यानपिढ्या तांब्याची भांडी घडवणाऱ्या घरांचा कुलवृत्तांत कुणी केलाय? बुरुडांचा, भोयांचा, कुंभारवाड्यातल्या घरांचा? आणि ज्यांचे झालेत त्यांच्यातही बायकांचं काय, तर सून म्हणून आलेलीचं लग्नानंतरचं नाव लिहिलेलं, माहेरचं आडनाव कुठे असतं कुठे नसतं, आणि लेक दिली की "अमक्याकडे दिली" एवढ्यावर तिची गोष्ट संपते. लग्नात नावच बदलायची रीत, त्यामुळे आजीच्या माहेरची माणसं आणि सासरची माणसं एकाच बाईबद्दल दोन वेगळ्या नावांनी बोलत असतात आणि दोन पिढ्यांनी कुणालाच कळत नाही की ती एकच.

माझी आजी मला सापडली ती शाळेत. मुलींच्या एका जुन्या शाळेतलं जनरल रजिस्टर. पुण्यात हुजूरपागा १८८४ ची, आणि त्यानंतर मुलींच्या शाळा वाढतच गेल्या, म्हणजे शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या मुली लग्नाआधीच्या नावाने, वडिलांच्या नावासकट, जन्मगाव आणि जन्मतारखेसकट जर कुठे लिहिलेल्या असतील तर त्या ह्या रजिस्टरांमध्ये. शाळेतल्या बाईंनी मला ते पान दाखवलं तेव्हा तिचं माहेरचं नाव वाचून मला रडू आलं, ते नाव आमच्या घरात कधी कुणी उच्चारलेलंच नव्हतं. जन्मगाव वाई लिहिलेलं. आमच्या वडिलांनासुद्धा माहीत नव्हतं की त्यांचं आजोळ वाईचं, कारण ती लहान असतानाच तिचे आईवडील गेलेले आणि काकाने वाढवून लग्न करून दिलेलं.

आता पणजोबांचं. त्र्यंबकला, नाशिकला, पैठणला तीर्थोपाध्यायांकडे घराण्यांच्या वह्या असतात हे बऱ्याच जणांना ऐकून माहीत असतं. जो कुणी यात्रेला किंवा विधीला गेला त्याने आपलं नाव, बापाचं, आज्याचं, भावांचं, मुलांचं नाव सांगायचं, ते लिहून घेतात आणि पुढच्या वेळी घरातला दुसरा कुणी गेला की त्याखाली पुढची पिढी चढते. जुनी पानं मोडीत असतात. पण ती वही उघडायची तर आडनावाबरोबर मूळ गाव सांगावं लागतं, कारण एका आडनावाची ढीगभर घराणी. आणि गाव तर ट्रंकेबरोबर गेलेलं. "कोकण" म्हणून कुणाला वही काढता येत नाही.

ते गाव मला कुठल्याही ऑफिसात मिळालं नाही. ते सांगितलं आमच्या जुन्या बोळातल्या एका आजींनी, नव्वदी पार केलेल्या, आता मुलाकडे कोथरूडला असतात. समोरच्या वाड्यात त्यांचं बिऱ्हाड होतं. मी त्यांना गाव विचारलंच नव्हतं, मी नुसतं बोळाबद्दल विचारत होते, की कोपऱ्यावर काय होतं, पिठाची गिरणी कुठे, पाणी कुठे भरायचात, आणि त्या एकेक दार सांगत गेल्या. ह्या दाराशी शिंपी बसायचा, त्याच्या वरती मास्तर, त्याच्या पलीकडे दोघी बहिणी शिवण शिकवायच्या, मग तुमचं दार, तुमच्याकडे मे महिन्यात आमसुलं आणि आगुळाची बाटली यायची अमक्या गावाहून आणि तुमची आजी आम्हा सगळ्यांना वाटीवाटी द्यायची. संगमेश्वरच्या बाजूचं गाव. नाव त्यांनी असं सहज घेतलं जसं आपण डेक्कनचं घेतो. मग त्र्यंबकला त्या गावाच्या नावाने वही निघाली, आणि वहीत पणजोबांच्याही मागच्या तीन पिढ्या निघाल्या. गावी जाऊन फेरफार, म्हणजे जमिनीचा हक्क बदलल्याच्या नोंदी, काढले, त्यात वारस नोंदी सापडल्या, १९५६ चा हिंदू वारसा कायदा झाला त्यानंतरच्या नोंदींमध्ये मुलींची नावंसुद्धा आली आहेत, त्यावरून चुलत घराण्यातल्या दोन आत्यांचा पत्ता लागला आणि त्यांची नातवंडं आता आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आहेत.

म्हणजे बघा, कागद सगळे होते. त्र्यंबकला होते, तहसीलला होते, शाळेत होते. पण कुठला कागद उघडायचा ते सांगणारी एक बाई होती आणि तिला ते गाव आठवलं ते दारांच्या ओळीवरून, मी थेट "आमचं मूळ गाव कोणतं" विचारलं असतं तर त्या म्हणाल्या असत्या बाई मला कसं माहीत असणार. हे मी मुद्दाम सविस्तर लिहितेय कारण वंशावळ करणारे लोक घरातल्याच म्हाताऱ्यांना विचारतात, आणि घरातलं कुणी उरलेलं नसलं की संपलं म्हणतात. शेजाऱ्यांना विचारा. वाड्यात राहणाऱ्यांना एकमेकांचं सगळं माहीत असायचं, कुणाकडे कुठून पाहुणे आले, कुणाच्या मुलीला कुठे दिली, कुणाचा भाऊ रुसून गेला. त्याचा त्या काळी जाचही झाला असेल, पण आज तीच आठवण आपल्याला उपयोगी पडते.

आणि ह्यासाठी बोळांची नावं टिकायला पाहिजेत. पुण्यात पत्ता म्हणजे पत्र्या मारुती, माती गणपती, मोदी गणपती, मुंजाबाचा बोळ, नागनाथ पार, हसबनीस बखळ, भिकारदास मारुती, खालकर तालीम. जुन्या पत्रावर घर नंबर, पेठ, अमक्यांचा वाडा आणि तमक्या मारुतीजवळ एवढं लिहिलेलं असायचं आणि पत्र पोचायचं. आता नव्या पत्त्यात बिल्डिंगचं नाव, रस्त्याचं अधिकृत नाव आणि पिनकोड. पेठांची नावं बदलणं हे काही नवीन नाही, आधी बुधवारला मोहियाबाद म्हणायचे, गुरुवारला वेताळ पेठ, नाना पेठेला हनुमंत पेठ, आणि गंज पेठेची महात्मा फुले पेठ झाली ते तर योग्यच झालं, ३९५ गंज पेठ हा जोतीराव-सावित्रीबाईंच्या घराचा पत्ता आहे. माझं म्हणणं नवीन नाव देऊ नका असं नाहीच, नव्या पाटीखाली जुनं नाव छोट्या अक्षरात राहू द्या. कारण माझ्यासारखं कुणी तीस वर्षांनी एखादी लग्नपत्रिका हातात घेऊन येईल आणि त्यावर लिहिलेला बोळ कुठे होता हे त्याला कुणीच सांगू शकणार नाही.

आधीही पुण्याने अशी बरीच गळती सोसली आहे. १८७९ च्या आगीत बुधवारवाडा गेला. १८९७ च्या प्लेगात माणसं घरं सोडून बाहेर झोपड्यांत जाऊन राहिली, किती घरं परत आलीच नाहीत. मोठे रस्ते काढताना आळ्या मधून कापल्या. मग पानशेत. आता वाडे. भिडेवाड्यासारखी जागा, जिथे १८४८ मध्ये मुलींची शाळा सुरू झाली, तीसुद्धा मोडकळीला येऊन डिसेंबर २०२३ मध्ये पाडली तेव्हा सगळ्यांच्या लक्षात आलं, तिथे स्मारक होतंय हे चांगलंच आहे. पण ज्या वाड्यात कुणी प्रसिद्ध राहिलं नाही तिथे काय होणार, जेसीबी येतो आणि संध्याकाळपर्यंत सागवान वेगळं, विटा वेगळ्या.

मोठमोठ्या दप्तरांची आपल्याकडे काळजी घेतात, नाही असं नाही. पुराभिलेखागारात पेशवे दप्तराचे हजारो रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, आहेत, १८९१ च्या त्या दगडी इमारतीत. भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून आहे. मोडीचे वर्ग चालतात आणि तरुण मुलं येतात ते बघून बरं वाटतं. पण त्या रुमालांमध्ये सरदार, इनामदार, वतनदार, देवस्थानं जास्त. छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या माणसाचा रुमाल नसतो.

साध्या माणसांचे कागद स्कॅन करणं जमणार नाही असं कुणी म्हणू नये. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायला निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली तेव्हा काय काय बाहेर आलं ते आपण बघितलं. गावचे जन्म-मृत्यूचे नमुना १४, कोतवाल बुक, शाळेची दाखल-खारीज रजिस्टरं, मोडी वाचणारे शोधून आणले आणि स्कॅन केलेली पानं जिल्ह्यांच्या वेबसाइटवर टाकली. मराठ्यांना कुणबी दाखले देण्याच्या त्या मागणीबद्दल ज्याचं जे मत असेल ते असो, पण इतकी वर्षं बासनात पडलेली रजिस्टरं सरकारने मनावर घेतल्यावर काही महिन्यांत लोकांसमोर आली. मग शहरातली का नाही? पुण्याची नगरपालिका १८५७ ची, महापालिका १५ फेब्रुवारी १९५० पासून. जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदी आहेत, जुन्या शाळांची रजिस्टरं आहेत. मी एका कार्यालयात जुनं रजिस्टर मागितलं तर ते वाळवीने खाल्लंय असं सांगितलं, दुसरीकडे कशासाठी हवंय, केस आहे का, जातीचा दाखला हवाय का असं विचारलं आणि मी "नुसतं माझ्या आजोबांचं नाव बघायचंय" म्हटल्यावर त्या माणसाला त्याची अर्जात कुठे नोंद करायची तेच कळेना. स्वतःच्या माणसांचं नाव बघायचंय हे पुरेसं कारण असायला हवं.

आणखी एक, आणि हे मला फार महत्त्वाचं वाटतं. पुरानंतर घरं गेलेल्यांना गोखलेनगर, लोकमान्यनगर, सहकारनगर अशा ठिकाणी जागा दिल्या. आम्ही आधी गोखलेनगरला निसन हटमध्ये, अर्धगोल पत्र्याखाली, उन्हाळ्यात भाजून निघायचो असं वडील सांगायचे. त्या जागांच्या मालकीहक्काचे प्रश्न पुढे कित्येक वर्षं चालले. पण ज्याअर्थी घरं वाटली त्याअर्थी याद्या झाल्या असणारच, की हे कुटुंब आधी कुठल्या पेठेत, कुठल्या वाड्यात, घरात माणसं किती. आणि त्या याद्यांत मालक आणि बिऱ्हाडकरू दोघंही असणार. पुण्याच्या नदीकाठच्या वस्तीचं १९६१ चं ते दारोदारचं चित्र आहे. त्या याद्या जिथे असतील तिथून काढून स्कॅन करून लोकांना बघायला ठेवाव्यात अशी माझी जिल्हा प्रशासनाला ह्या पत्रातून विनंती आहे. पुराला साठ वर्षं कधीच उलटून गेली, त्यात कुणाचं गुपित राहिलेलं नाही.

महापालिकेला विनंती ही की वाडा पाडायची फाइल येते तेव्हा आत राहणाऱ्यांना नवीन जागा द्यायची म्हणून भाडेकरूंची यादी बहुतेक वेळा होतेच. त्या यादीला अजून एक पान जोडा. सध्याचे भाडेकरू आहेत त्यांना विचारा की तुमच्या आधी ह्या खोलीत कोण होतं, आठवेल तेवढं. दिंडी दरवाजा, चौक, तुळईवर किंवा दगडावर काही कोरलेलं असेल तर त्याचे फोटो. मोबाईलवर अर्ध्या दिवसाचं काम आहे. इंजिनियरला वेळ नसेल तर कॉलेजची इतिहासाची मुलं आनंदाने करतील, त्यांना प्रोजेक्ट हवेच असतात.

ह्याला एक आक्षेप येईल की लोकांच्या घरच्या गोष्टी अशा चव्हाट्यावर का आणायच्या. बरोबर आहे, म्हणून मी फक्त गेलेल्या माणसांची नावं, त्यांचं काम आणि ते कुठे राहायचे इतकंच म्हणतेय. कुणाची जात काय, कुणाचं लग्न कसं मोडलं, हे नको. वंशावळीचं वेड काही जणांना असतं ते आम्ही कुणा सरदाराचे वंशज हे सिद्ध करायला, इंटरनेटवर पैसे भरून घराण्याची नावं काढून भिंतीवर लावतात. मला त्यात काही मिळत नाही. माझे पणजोबा उलटी अक्षरं वाचायला शिकले आणि त्यावर त्यांनी सहा माणसांचं घर चालवलं, मला भाचीला हे सांगायचंय.

तर तुमच्याकडे मागणं असं. आठवड्यातून एकदा, रविवारच्या अंकात अर्धा कॉलम द्या. एका आठवड्याला एक बोळ. वाचकांनी एवढंच लिहून पाठवायचं की अमक्या सालाच्या सुमाराला ह्या बोळात कोपऱ्यापासून दारांच्या ओळीने कोण कोण राहायचं, काय करायचं, कुठून आलेलं. एकाने लिहिलं की दुसरा दुरुस्ती पाठवेल, नाही हो ते मास्तर पलीकडच्या वाड्यात, आणि ती दुरुस्तीसुद्धा छापा. फक्त सदाशिव-नारायण नको, भवानी पेठ, गंज, नाना, रास्ता, मंगळवार सगळ्या पेठा घ्या, आणि पुण्याबाहेरच्या गावांतूनही पत्रं आली तर त्यांनाही जागा द्या, सातारा, कोल्हापूर, गिरगावच्या वाड्या, सगळीकडे तेच चाललंय. पहिला मजकूर मी देते, आमच्या बोळाच्या चौदा दारांची नावं त्या आजींनी सांगितली तशी लिहून तयार आहेत, त्यातली तीन दारं रिकामी आहेत, तिथे कोण होतं ते त्यांना आठवलं नाही. अष्टभुजा देवीच्या देवळाकडून नदीकडे जाताना पुराआधी जे कुणी राहत होते त्यांनी किंवा त्यांच्या मुलानातवंडांनी कृपा करून तुमच्या पत्त्यावर कळवावं.

आणि ज्यांच्या घरी जुन्या भाडेपावत्या, लग्नपत्रिका, पोस्टकार्डं, मुंजीचे ग्रुप फोटो असतील त्यांनी दिवाळीच्या साफसफाईत ते रद्दीत टाकू नका. फोटोच्या मागे आत्ताच, घरात ओळखणारं कुणी आहे तोवर, डावीकडून कोण कोण ते पेन्सिलीने लिहा, पेनाची शाई पुढे उमटते. बायकांची नावं लिहिताना माहेरचंही लिहा.

आपली,
एक वाचक
(पूर्वीची नारायण पेठ, आता सिंहगड रोड, पुणे)